हाउसिंगमधल्या ऑइलचा पांढरा रस्सा होऊ नये म्हणून : ॲक्सल, ब्रीदर आणि ओढ्याचं पाणी

ओढ्याकाठचा
गाडी जिप्सी, टायर कंपनीच्याच मापाचे (२०५/७० आर१५), उंची वाढवलेली नाही. जून ते सप्टेंबर वापर गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी बाजूला. पाणंदी, भाताची खाचरं, ओढे. पाणी घोट्यापासून मांडीपर्यंत, दिवसात तीन-चार वेळा.

दोन्ही ॲक्सलमध्ये पाणी जाऊ नये म्हणून आधी काय करावं? ब्रीदर (ॲक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या खोळीला, हवा आत-बाहेर करायचं छोटं तोंड) वर घ्यायचा तर नळी कुठली, कुठपर्यंत न्यायची, जोड कुठल्या आट्याचा? की आधी सगळी सील बदलायची? आणि पाण्यातून आल्यावर दर वेळी ऑइल काढायचं का? गॅरेजमध्ये तिघांची तीन उत्तरं मिळतात. त्यातलं एक म्हणजे ‘ब्रीदर एम-सीलनं बुजवून टाका, विषय संपला’.

टर्नरभाऊ
बुजवायला सांगणाऱ्याचं ब्रेक शूचं दुकान असणार.

हाउसिंगमध्ये निम्म्याहून जास्त हवाच असते. सकाळी २५ अंशांवर असलेलं हाउसिंग घाट चढून आलं की ८० अंशांच्या आसपास जातं. तोंड बंद असेल तर तेवढ्या तापण्यानं आत ०.१८ बार दाब वाढतो. साधं ऑइल सील नवं असताना ०.३ बारपर्यंत कसंबसं धरतं. ओठ कडक झालेलं जुनं सील त्याच्या बरंच आधी सोडतं. मागचं सुटलं की ऑइल थेट ड्रममध्ये, शू भिजले, ब्रेक गेला. पुढचं आतलं सील सुटलं की ऑइल नकलमध्ये (पुढचं चाक वळतं तो सांधा). आणि दाबानं एकदा उलटलेला ओठ पुन्हा सरळ बसत नाही, मग त्याच वाटेनं पाणी आत.

गणिती_गडी
टर्नरभाऊंनी तापण्याचं सांगितलं. नुकसान होतं ते निवताना.

८० अंश म्हणजे ३५३ केल्विन. तापलेलं हाउसिंग ओढ्यात शिरलं आणि आतली हवा ५० अंशांवर, म्हणजे ३२३ केल्विनवर आली. ३२३ भागिले ३५३, उत्तर ०.९१५. आतला दाब साडेआठ टक्क्यांनी उतरला. पाण्याच्या उंचीत मोजला तर ८५ सेंमीहून थोडा जास्तच.

आता ओढ्याचा दाब बघा. या टायरचा व्यास ६६८ मिमी, वजनानं दबून ॲक्सलचा मध्य जमिनीपासून ३२-३३ सेंमीवर. पाणी ५० सेंमी असलं तरी सीलच्या वर फक्त १७ सेंमी पाणी. ओढा जेवढा आत ढकलतो त्याच्या पाचपट हाउसिंग स्वतःच ओढून घेतं! आत ४ लिटर हवा धरली तर आकसलेली जागा भरायला ३४० मिली पाणी लागेल. ही कमाल मर्यादा झाली, सगळं एका फटक्यात जात नाही. पण दिवसात चार ओढे आहेत.

कंपनीच्या ब्रीदरवरची छोटी टोपी आतला दाब वाढला की उचलते. उलट बाजूनं हवा घ्यायला ती तेवढी उदार नसते, आणि लाल माती वाळून बसली असेल तर हलतच नाही. मग हाउसिंग दुसरीकडून श्वास घेतं. दुसरीकडे म्हणजे पिनियनचं सील (इंजिनाकडून येणारी फिरकी हाउसिंगमध्ये शिरते तिथलं). नळी वर नेली की तेच हाउसिंग बॉनेटखालची कोरडी हवा ओढतं, एवढाच खेळ आहे.

रंकाळ्याची_म्हैस
थोडक्यात, तापलेली म्हैस पाण्यात शिरली की नाक वर काढूनच बसते. गाडीला नाक काढून द्या.

ओढ्याकाठचा
:-) गणितानं डोक्यात उजेड पडला. पण मग पाण्यात शिरायच्या आधी दहा मिनिटं थांबलं तर?

टर्नरभाऊ
थांबा, चहा होईल. ऑइल भरलेलं ते ओतीव धूड दहा मिनिटांत निवत नाही, अर्धा तास धरा. तोपर्यंत पाऊस वाढून ओढाच वर यायचा. नळी लावा आणि मोकळे व्हा.

उद्यमनगरचा
साहित्य आणि मापं लिहितो.

सगळ्यात आधी आटे. जुना ब्रीदर काढायच्या आधी भोवतालची माती ब्रशनं झाडून डिझेलच्या फडक्यानं पुसा, नाहीतर ती सरळ क्राऊनवर, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकावर पडते. काढलेल्या ब्रीदरला व्हर्नियर आणि आट्याचं गेज लावा. घोळ होतो तो इथंच : १/८ इंच बीएसपीचा (ब्रिटिश पाईपचे आटे) बाहेरचा व्यास ९.७३ मिमी आणि इंचात २८ आटे, म्हणजे पिच ०.९०७. एम१० × १ चा (मिलिमीटरचे आटे) व्यास १०, पिच १. डोळ्याला दोन्ही सारखेच. दुकानात हवेच्या नळीचे जोड सरसकट १/८ बीएसपीत मिळतात. तो एम१० च्या भोकात पहिले दोन आटे गोड जातो, आपल्याला वाटतं बसला. पुढच्या खड्ड्याला निसटतो. एम८ × १.२५ असेल तर निदान लगेच कळतं. माप जुळत नसेल तर जुना ब्रीदर घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवर जा. १४ मिमी षटकोनी पितळी रॉडमधून एका टोकाला तुमचे आटे, दुसऱ्या टोकाला ८ मिमीचं खाचेचं नाक, मधून ५ मिमी भोक. दोन्ही ॲक्सलचे दोन आणि एक जादा, असे तीनच करून घ्या, सेटिंग एकदाच लागतं.

जोड हातानं पूर्ण बसवून मग पान्ह्यानं पाव फेरा. पितळ आहे, जोर दाखवायची जागा नव्हे. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून दोन वेढे. पुढचा तुकडा आत पडला तर ऑइलमध्ये फिरत बसतो.

नळी आतून ६ मिमी घ्या. ४ ची घेतली तर ऑइलचा एक थेंब अडकला तरी बूच बसतं. रबरी घ्यायची तर पेट्रोल-डिझेलला चालणारी घ्या, मच्छरदाणीसारखं जाळं आत असलेली पाण्याची पारदर्शक नळी घेऊ नका. ती उन्हात कडक होते.

पाईपवाला
उद्यमनगरच्या दादांना एक भर. हवेच्या नळीत पीयू (पॉलियुरेथेन) आणि नायलॉन दोन्ही मिळतात. पीयू ८ × ५ मऊ, वळते छान, म्हणून सगळे तीच घेतात. पण बऱ्याच पीयूला ऊन-पाणी एकत्र मानवत नाही, कालांतरानं तडकते. सायलेन्सरजवळ तर मेणासारखी होते. नायलॉन ८ × ६ घ्या. वळवायला त्रास देते पण टिकते. कुठलीही असो, सायलेन्सरपासून निदान १० सेंमी लांब.

नायलॉन नळी ब्लेडनं काटकोनात कापा, कटरनं दाबून तिरकी कापलेली नळी दाबजोडात (नळी नुसती दाबून बसवायचा जोड) रिंगवर नीट बसत नाही. आणि ॲक्सलकडच्या टोकाला दाबजोड टाळाच, चिखल त्याच्या कॉलरमध्ये शिरतो. तिथं नाक आणि क्लिप. वरच्या टोकाला दाबजोड चालेल.

उद्यमनगरचा
मान्य. मी स्वतः रबरीच्या बाजूचा, पण नायलॉन चूक नाही.

आता वाट. मागच्या ॲक्सलवरून ब्रेकच्या पाईपशेजारून चॅसीवर चढवायची. ॲक्सल आणि चॅसी यांच्यामधला भाग सैल हवा. गाडी चॅसीवर जॅक लावून उचला, दोन्ही चाकं लोंबू द्या आणि तेव्हा नळी ताणली जात नाही ना ते बघा. सपाटीवर माप घेऊन कापली तर पहिल्याच आडव्या चरात नाकातून निघते. मग तुम्ही पाण्यात आणि भोकावर टोपीसुद्धा नाही, आधीपेक्षा वाईट.

चॅसीच्या पुढं मात्र सैल नको. मधे कुठंही झोळ पडला की ऑइलचा धूर थंड होऊन तिथं साचतो आणि बूच बसतं. ॲक्सलपासून टोकापर्यंत चढच चढ हवा. दर २०-२५ सेंमीला टाय, पण आवळून नळी चपटी करू नका. टोक बॉनेटच्या बिजागरीजवळ, फायरवॉलच्या वरच्या कडेला. एवढी लांब नळी नको असेल तर मागची मागच्या दिव्याच्या आतल्या पोकळीत संपवली तरी चालते. मांडीपर्यंत पाण्याला ती उंची पुरते. टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवा.

चिखलभजी
टोकाला बाईकचा पेट्रोल फिल्टर लावतात ना सगळे?

पाईपवाला
लावतात. कागदी असेल तर ऑइलच्या वाफेनं दोन हंगामांत चोंदतो, तेव्हा दर वर्षी बदला. स्वस्त आहे. काहीजण हवेच्या वॉल्व्हवरचा पितळी सायलेन्सर लावतात, तो आणखी लवकर चोंदतो आणि चोंदलाय हे बाहेरून कळतही नाही. जाळीचा पारदर्शक फिल्टर सगळ्यात बरा.

चिखलभजी
आणि दोन ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी), चारही टी-जोडानं एकत्र करून एकच नळी वर? दिसायला लई भारी दिसतं.

टर्नरभाऊ
दिसतं. पण एक नळी निसटली की चौघंही त्याच भोकातून पाणी पितात. शिवाय एकाचं ऑइल दुसऱ्याकडे जायची वाट तयार होते. गिअरबॉक्सला जीएल-४ आणि ॲक्सलला जीएल-५ (गिअर ऑइलचे दोन दर्जे) असेल तर त्यांची भेट घडवू नये. जीएल-५ मधलं गंधक-फॉस्फरस क्राऊन-पिनियनला हवंच, गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगला ते सोसत नाही. वेगवेगळ्या नळ्या नेणं मला पटतं.

पाईपवाला
इथं मी वेगळा. पुढचा आणि मागचा ॲक्सल एकत्र करायला हरकत नाही, ऑइल एकच, आणि टी बॉनेटखाली सगळ्यात उंचावर असेल तर ऑइल पलीकडे जात नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर वेगळे ठेवा.

काळी_थार
प्रश्न माझाही याच धाग्यात टाकतो. २०२० नंतरची थार. कंपनी ६५० मिमी पाणी चालतं म्हणते. मग मला हे सगळं करायची गरज आहे का?

गणिती_गडी
ती ६५० ची मर्यादा संपूर्ण गाडीची आहे, त्यात तुमचं सील नवं आहे हे गृहीत असतं. थारला पुढं अखंड ॲक्सल नाही. डिफरन्शियल (क्राऊन-पिनियनची पेटी) चॅसीला बांधलेलं आणि चाकांकडे सीव्ही शाफ्ट (चाक वर-खाली झालं, वळलं तरी फिरवणारे सांध्याचे शाफ्ट). तिथं सांध्यावरचा रबरी बूट फाटलाय का, क्लिप सैल आहे का ते आधी बघा. मागं मात्र अखंडच ॲक्सल आहे, तेव्हा वरचं गणित मागच्याला जसंच्या तसं लागू. ब्रीदर कुठं संपतोय ते खाली शिरून हातानं चाचपून बघा. मागं लॉकिंग डिफरन्शियल असेल तर ऑइल बदलताना पुस्तिकेत लिहिलेलंच, बाकीच्यांचं ऐकून दुसरं घालू नका. गाडी वॉरंटीत असेल तर आटे बदलायच्या आधी विचारून घ्या.

दाजीपूरकर
जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. ब्रीदर वर नेला म्हणून नकल वाचत नाही.

जिप्सीचा नकल बंद गोळ्याचा. गोळ्यावर नमदा, रबर आणि पत्र्याची रिंग फिरते, आत ग्रीस असतं. डिफरन्शियलचं ऑइल त्या ग्रीसपर्यंत येऊ नये म्हणून पाईपच्या टोकाला आत एक सील असतं. ते गेलं की ऑइल नकलमध्ये येतं, ग्रीसची आमटी होते आणि गोळ्यावरून गळायला लागते. लोक बाहेरचा नमदा-रबराचा संच बदलतात, महिन्यात पुन्हा गळतं, मग संचाला शिव्या. खूण सोपी : गोळा ओला आणि डिफरन्शियलची पातळी खाली असेल तर गुन्हेगार आतलं सील. गोळा ओला आणि पातळी जागच्या जागी असेल तर बाहेरचा संच.

बाहेरचा संच बदलताना गोळ्याकडे बघा. गंजाचे खड्डे असतील तर नवं रबर त्याच्यावर घासून कानशीसारखं कातलं जातं. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, खोल खड्डे दोन भागांच्या इपॉक्सी लांबीनं भरा, वाळल्यावर पुन्हा पेपर. नख फिरवून अडखळलं नाही पाहिजे. नमदा कोरडा बसवू नका, गिअर ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवा. पावसाळाभर गोळ्यावर ग्रीसचा पातळ हात मारत राहा.

लॉकिंग हबचा (पुढचं चाक शाफ्टशी जोडणारा-सोडणारा हब) ओ-रिंग सगळे विसरतात. टोपी काढली की तो निघतो, पेट्रोलमध्ये धुतला जातो, फुगतो आणि परत त्याच खाचेत कोंबला जातो. नवा घ्या, सिलिकॉन ग्रीस लावा. हबच्या बेअरिंगला साधं लिथियम ग्रीस चालतं, पण पाण्यात सतत असाल तर कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स ग्रीस धुपत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळू नका, जुनं पूर्ण पुसून काढा.

आवंदा_पाऊस_लई
दाजीपूरकर, अभयारण्यात गाडी वाट सोडून घालता वाटतं? :-)

दाजीपूरकर
नाव गावाचं आहे. अभयारण्यात वाट सोडायची नाही, ओढा तर दूरच.

बेअरिंगबाबा
सीलचं लिहितो. काउंटरवर ‘अमुक मापाचं सील द्या’ म्हटलं की जे हाताला लागेल ते देतात. टीसी मागा. टीसीला दोन ओठ : आतला स्प्रिंगचा, बाहेरचा धूळ अडवणारा. एससीला एकच. माप एकच असतं, किंमत थोडी कमी, म्हणून एससी गळ्यात मारतात. टीसी बसवताना दोन ओठांच्या मधल्या खाचेत ग्रीस भरा. तिथं हवा राहिली तर तिथं पाणीही राहतं.

स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. म्हणजे सील बनलंय आतलं ऑइल अडवायला, बाहेरचं पाणी ओठाला उचलूनच आत येतं. ज्यांना वाटतं नवं सील टाकलं की पाणी जाणार नाही, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पिनियनच्या फ्लँजवर ओठ जिथं घासतो तिथं बोट फिरवा. चिखलात चाललेल्या गाडीला तिथं चर पडलेलीच असते, लाल मातीतली बारीक खडी ओठाखाली बसून लेथसारखं काम करते. चर असेल तर नवं सीलही गळणार. पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा, किंवा हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील दीड-दोन मिमी कमी ठोका म्हणजे ओठ कोऱ्या जागी येतो.

पिनियनचा नट खोलायच्या आधी नट, शाफ्ट आणि फ्लँज तिघांवर पंचनं खूण करा आणि बाहेर दिसणारे आटे मोजा. आत चेपणारी स्लीव्ह असते, तिच्यावर बेअरिंगचा ताण ठरतो. परत आवळताना खुणेवर आणा, केसभर पुढं, बस्स. गन लावून ‘कडक’ केला तर बेअरिंग हजार किलोमीटरच्या आत हूं-हूं गायला लागतं, आणि मग पाण्याला नावं ठेवली जातात.

वाचनमात्र_होतो
वाचनखूण साठवली. बेअरिंगबाबा, दोन सील पाठीला पाठ लावून बसवली तर? एक ऑइलसाठी, एक पाण्यासाठी.

बेअरिंगबाबा
जागा असेल तर चालतं, पण बाहेरच्याला ऑइल मिळत नाही, कोरडं घासून जळतं. मधली पोकळी दोन-तृतीयांश ग्रीसनं भरा. गच्च भरलं तर गरम होऊन बाहेर ढकलतं. बहुतेक हाउसिंगमध्ये एवढी जागा नसतेच.

ट्रॅक्टर_तात्या
तुमी हौसेला पाण्यात जाता, आमी पोटाला. चिखलणीत ट्रॅक्टरचा पुढचा हब दिवसभर गाळात फिरतो. तितं ब्रीदर-बिदर काय न्हाई. एकच उपाय : संध्याकाळी गाडी बाहेर काढली की हब गरम हाय तवरच ग्रीसगन मारायची, सीलच्या कडनं पांढरं-पिवळं ग्रीस निगून काळं, मग नवं ग्रीस येऊस्तर. सकाळी मारू म्हटलं की रातभर गार हुताना हबनं पाणी वडलेलं असतंय, तुमच्या गणिती गड्याचंच गणित. उसाच्या ट्रॉलीच्या हबची टोपी चेपलेली आसंल तर सरळ नवी घाला. हातोड्यानं गोल केलेली टोपी कदीच बसत न्हाई.

गणिती_गडी
तात्या, ‘गरम हाय तवरच’ हे एका ओळीत सगळं आलं. जिप्सीवाल्यांनाही लागू : क्रॉसची (लांब शाफ्टच्या सांध्याची) निप्पलं आणि शाफ्टच्या स्प्लाइनचं निप्पल त्याच संध्याकाळी. क्रॉसच्या चारही टोप्यांतून नवं ग्रीस यायला हवं. तीनमधूनच आलं तर चौथ्यात पाणी आहे असं समजा.

ओढ्याकाठचा
तात्यांना दंडवत. आता ऑइलकडे वळूया का? पाणी गेलंय हे खात्रीनं कसं ओळखायचं?

तव्यावरचा_थेंब
गाडी रात्रभर सपाटीवर उभी करा. सकाळी न हलवता खालचा ड्रेन बोल्ट अर्धवट सैल करा, पहिलं २०-३० मिली काचेच्या बाटलीत घ्या आणि बोल्ट परत आवळा. सुटं पाणी जड असल्यानं तळाला बसतं, ते पहिलं येतं. पाणी घुसळलं गेलं असेल तर दुधाळ येतं : थोडं असेल तर चहासारखं, जास्त असेल तर शीर्षकात लिहिलंय तसं. पातळीच्या बोल्टातून बोट घालून बघणं बेभरवशाचं, वरचं ऑइल बऱ्याचदा स्वच्छ दिसतं.

शंका असेल तर जुन्या पत्र्याचा तुकडा चांगला तापवा (पाण्याचा थेंब नाचून उडेल इतका) आणि ऑइलचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे, गप्प पसरला तर नाही. उघड्यावर करा, आणि घरातला भाकरीचा तवा घेऊ नका, पुढच्या परिणामांना मी जबाबदार नाही.

ड्रेन बोल्टाच्या चुंबकावर करडा लगदा असणं ठीक. चमकणारे कण, सुईसारखे तुकडे असतील तर ऑइल बदलून भागत नाही, झाकण उघडा.

रंकाळ्याची_म्हैस
तांबडा आला तर?

तव्यावरचा_थेंब
तांबडा आला तर गंज सुटलाय. तो जास्त महाग रस्सा.

घाटमाथा
पाणी सापडलं तर आम्ही ऑइल काढून दोन लिटर डिझेल घालतो, थोडं फिरवतो, काढतो, नवं ऑइल. तासाभरात काम.

बेअरिंगबाबा
घाटमाथा, फिरवतो म्हणजे रस्त्यावर? हायपॉइड गिअर एकमेकांवर सरकत फिरतात, डिझेलचा थर तिथं काहीच धरत नाही. शिवाय पाईपच्या टोकाशी आणि बेअरिंगमागे डिझेल राहतं, ते नव्या ऑइलला पातळ करतं.

घाटमाथा
रस्त्यावर नाही. मागची दोन्ही चाकं स्टँडवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, टू-व्हील ड्राइव्ह, पहिला गिअर, आयडलवर दोन मिनिटं. मग ड्रेन उघडून रात्रभर सोडायचं, मध्ये एकदा डावी बाजू उचलायची, एकदा उजवी.

बेअरिंगबाबा
असं असेल तर माझा विरोध निम्मा. तरी मी स्वस्तातलं त्याच ग्रेडचं ८०डब्ल्यू-९० जीएल-५ घालीन, हलक्या हातानं ८-१० किलोमीटर, गरम असतानाच काढायचं. दुधाळ आलं तर पुन्हा एकदा. तपकिरी आलं की मग चांगलं ऑइल, भोकातून ओघळ येईपर्यंत. जास्त भरू नका, जास्तीचं ऑइल तुमच्या नव्या नळीतून बॉनेटखाली येतं.

आणि हाउसिंगमध्ये दुधाळ ऑइल आहे हे कळल्यावर गाडी उभी करून ठेवू नका. फिरत्या बेअरिंगवर निदान काहीतरी थर असतो. उभ्या गाडीत प्रत्येक रोलर जिथं टेकलाय तिथं गंजाची रेघ उठते, आणि ती रेघ नंतर कुठल्याही ऑइलनं पुसली जात नाही. घरापर्यंत सावकाश चालवत या आणि त्याच दिवशी काढा.

पंचगंगेचा_काठ
याला एक अपवाद. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या राहिल्या, तशी गाडी असेल तर ती ढकलायचीसुद्धा नाही. तळाला सुटं पाणी, वर तरंगणारं ऑइल, आणि पाण्याबरोबर आलेला गाळ. चाक फिरलं की गाळ बेअरिंगमध्ये. जागेवरच दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर सगळं काढा, स्वस्त ऑइल भरा, मग हलवा. हब आणि ड्रम तर उघडावेच लागतात.

आणि बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेल्या केटी बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना ‘माझा ब्रीदर वर आहे’ म्हणून गाडी घालू नका. केटी म्हणजे कोल्हापूर टाइप, नाव आपलंच आहे, म्हणून तो आपली गय करील असं नाही. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की हलकी गाडी बाजूला सरकते, कठडा नसतो.

चिखलभजी
+१. आणि घरी आल्यावर वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा की प्रेशरची बंदूक ब्रीदर, पिनियन आणि हबच्या सीलवर रोखू नको. ओढ्यानं जे केलं नाही ते तो दोन मिनिटांत करतो. चिखल ओला असताना साध्या पाईपनं धुतला तर बंदूक लागतच नाही.

ओढ्याकाठचा
बरंच मिळालं. माझा क्रम असा लावतोय, चुकलं तर सांगा. आधी आटे मोजून पितळी जोड, आतून ६ मिमीची रबरी नळी, पुढची-मागची वेगळी, दोन्ही फायरवॉलपर्यंत, जाळीचा फिल्टर. मग पुढच्या नकलचं आतलं सील आणि बाहेरचा संच, कारण गोळा आत्ताच ओला आहे आणि पातळीही खाली आहे. पिनियन कोरडा आहे, त्याला हात लावत नाही. ऑइल पावसाळ्याच्या आधी नवं, मग दर पंधरवड्याला बाटलीत नमुना, आणि मांडीभर पाण्यातून आलो तर दुसऱ्या सकाळी. ठीक?

टर्नरभाऊ
ठीक. फक्त क्रम उलटा. आधी सील, मग नळी. कारण नळी लावल्यावर सील तपासायची फुकट सोय होते. वरच्या टोकाचा फिल्टर काढा, सील आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा आणि नळीत तोंडानं हलकं फुंकून अंगठ्यानं धरा. जिथं बुडबुडा येतो तिथं गळती. कॉम्प्रेसर लावायचा नाही, त्याच्या ६-७ बारनं चांगली सीलही बाहेर येतात.

ओढ्याकाठचा
तोंडानं फुंकायला किती जोर लावायचा?

टर्नरभाऊ
फुगा फुगवायला लागतो तेवढा पुरे. आणि अंगठा काढायच्या आधी तोंड बाजूला घ्या, नाहीतर जीएल-५ ची चव दोन दिवस जात नाही.

रंकाळ्याची_म्हैस
तांबड्या-पांढऱ्यानंतर काळा रस्सापण आला.